निजामशाहीतले बीजगणित

अहमदनगरच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला वक्ता चांदबिबी, मलिक अंबर आणि भुईकोट किल्ला ह्यांच्यापलीकडे सहसा जात नाही, आणि श्रोत्यांचीही त्याबद्दल तक्रार नसते. आज मी ह्या तिघांनाही बाजूला ठेवणार आहे. मला सांगायची आहे ती एका पोथीची हकीकत. शके १४६०, म्हणजे इ. स. १५३८ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या राज्यात, गोदावरीच्या काठी पार्थपूर येथे, सूर्यदास नावाच्या एकतीस वर्षांच्या पंडिताने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' नावाची टीका लिहून पुरी केली. त्या ग्रंथावरच्या आज हाती असलेल्या टीकांमध्ये ती सर्वांत जुनी समजतात. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातले पाथरी, असे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ठरविले. नगरपासून सरळ रेषेत मोजले तर ते सव्वाशे मैलांच्या आत आहे.

बीजगणित हा शब्द ऐकला की शाळा सोडून तीस-चाळीस वर्षे झालेल्या माणसाच्याही कपाळाला आठी पडते. म्हणून सबंध ग्रंथाला हात न घालता त्यातला एकच भाग घेतो. वस्तू दोन, तीन किंवा चार. किमती सगळ्यांच्याच अज्ञात. आणि त्यांच्याविषयी आपल्या कानावर काही बातम्या आलेल्या. त्या बातम्या एकमेकींशी ताडून एकेक किंमत बाहेर काढायची. शाळेच्या पुस्तकात ह्यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात. भास्कराचार्य त्या प्रकरणाला 'अनेकवर्ण समीकरण' म्हणत. अज्ञात राशींना त्यांनी नावे दिली होती ती अशी: पहिली 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके असेल तितके', आणि पुढच्या सगळ्या रंगांच्या नावाच्या, कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसते या, का, नी, पी असे आद्याक्षर लिहायचे आणि राशी ऋण असेल तर अंकाच्या डोक्यावर टिंब द्यायचे. ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सांगून ठेवले होते की, अनेक वर्ण असतील तर एक वर्ण एका बाजूला ठेवावा, बाकीचे दुसऱ्या बाजूला न्यावेत आणि भागावे.

दोन वस्तूंचे उदाहरण अगदी सोपे आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात महाळुंग आणि कवठे ह्यांचा एक हिशेब आहे. नऊ महाळुंगे आणि सात कवठे ह्यांची किंमत १०७. सात महाळुंगे आणि नऊ कवठे ह्यांची किंमत १०१. तर एकेका फळाला काय पडले? महावीराचार्यांची युक्ती अशी की, ज्या खरेदीत महाळुंगे जास्त तिची रक्कम नऊने गुणा, दुसरीची सातने गुणा. ९६३ आणि ७०७ झाले. वजाबाकी २५६. आता नऊचा वर्ग ८१, सातचा ४९, त्यांतले अंतर ३२. दोनशे छप्पन्नला बत्तिसांनी भागले की महाळुंगाची किंमत ८ येते, आणि मग कवठाची ५. कापडबाजारातल्या जुन्या मुनिमाला ही युक्ती सांगितली असती तर तो म्हणाला असता, 'ह्यात नवे ते काय? दोन्ही पावत्यांत कवठे त्रेसष्ट-त्रेसष्ट करून घेतली आणि वजा टाकली.' तेच तर आहे! एक अज्ञात दोन्हीकडे सारखे करावे म्हणजे ते आपोआप उडून जाते. पुढच्या साऱ्या शास्त्राचा पाया एवढ्यावर आहे.

आता भास्कराचार्यांकडे वळू. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा, छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला आणि लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलविड, असे ते सांगतात. हे गाव कोणते ह्यावर इतकी शाई खर्च झाली आहे की मी त्यात थेंबाचीही भर घालीत नाही. मला त्यांची दोन उदाहरणे तुमच्यापुढे ठेवायची आहेत.

पहिले दोन मित्रांचे. एक म्हणतो, 'मला तू शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन.' दुसरा म्हणतो, 'तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.' दोघांजवळ किती? आपला विद्यार्थी इथे दोन अक्षरे घेईल, दोन समीकरणे मांडील आणि घाम गाळील. भास्कराचार्य एकच यावत्तावत् घेतात. पहिल्याचे धन 'दोन या, उणे शंभर' आणि दुसऱ्याचे 'एक या, अधिक शंभर' असे ते धरतात. आता दुसऱ्याने शंभर दिले की त्याच्याजवळ उरले एक या, पहिल्याजवळ झाले दोन या. पहिल्या मित्राची अट मांडणीतच मिटली! उरली दुसरी अट. पहिल्याने दहा दिले तर त्याच्याजवळ 'दोन या, उणे एकशे दहा' राहतात आणि दुसऱ्याजवळ 'एक या, अधिक एकशे दहा' होतात. हे त्याच्या सहापट आहेत. म्हणजे अकरा या बरोबर ७७०, एक या बरोबर ७०. पहिल्याजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०. पडताळा घरी घेऊन पाहावा. एक अज्ञात उडवायचेच आहे तर ते मांडताना का घ्यावे, हा ह्यातला विचार. आणि माझ्या मते हे उत्तर पुढच्या लांबलचक उदाहरणापेक्षा देखणे आहे.

दुसरे उदाहरण चार व्यापाऱ्यांचे. घोडे त्यांच्याकडे अनुक्रमे ५, ३, ६ आणि ८. उंट २, ७, ४, १. खेचरे ८, २, १, ३. बैल ७, १, २, १. चौघांचेही धन सारखेच भरते. तर एकेका जनावराची किंमत सांगा. घोड्याला या, उंटाला का, खेचराला नी आणि बैलाला पी म्हणू. पहिल्याचे धन दुसऱ्याइतके, ह्यावरून निघते की दोन या म्हणजे पाच का, उणे सहा नी, उणे सहा पी. दुसऱ्याचे तिसऱ्याइतके, म्हणून तीन या म्हणजे तीन का आणि एक नी, उणे एक पी. तिसऱ्याचे चौथ्याइतके, म्हणून दोन या म्हणजे तीन का आणि एक पी, उणे दोन नी. घोड्याच्या किमतीला असे तीन साक्षीदार मिळाले. पहिल्या दोघांची गाठ घालून दिली की घोडा निघून जातो आणि उरते: नऊ का बरोबर वीस नी आणि सोळा पी. दुसऱ्या-तिसऱ्याची गाठ घातली की तीन का बरोबर आठ नी, उणे पाच पी. आता ह्या दोहोंची गाठ घातली की उंटही निघून जातो. शेवटी राहते एवढेच: चार नी बरोबर एकतीस पी. चार खेचरांची किंमत एकतीस बैलांइतकी.

आणि इथे हिशेब थांबतो. जनावरे चार जातींची होती, बातम्या तीनच होत्या. आजच्या एखाद्या परीक्षेत हा प्रश्न आला तर पालक वर्तमानपत्राला पत्र लिहितील की प्रश्नपत्रिकेत माहिती अपुरी आहे. भास्कराचार्यांना त्यात काही अपुरे वाटत नाही. शेवटच्या ओळीला ते कुट्टक लावतात. कुट्टक म्हणजे पूर्ण अंकांतली उत्तरे शोधण्याची आर्यभटापासून चालत आलेली रीत. ती लावली की खेचर ३१ आणि बैल ४. तिथून उलट पावलांनी वर चढत उंट ७६ आणि घोडा ८५. प्रत्येक व्यापाऱ्याचे धन ८५३ भरते. ह्या चारही किमती दुप्पट करा, तिप्पट करा, व्यापारी तरीही समधनच राहतात. म्हणजे उत्तर एक नाही, उत्तरांची एक रांगच्या रांग आहे, आणि त्या रांगेतले पहिले कोणते ते भास्कराचार्य दाखवितात.

रत्नांच्या उदाहरणात तर ते ह्याहून पुढे जातात. एकाजवळ ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० रोख. दुसऱ्याजवळ ७, ९, ६ आणि ६२ रोख. दोघे सारखे धनवान. तीन अज्ञात, बातमी एकच. त्यावर ते आधी माणिक मोत्याच्या तिप्पट व नीलमणी दुप्पट धरून १२, ८, ४ असे उत्तर काढतात. मग नीलमणी ५ व मोती ३ धरून माणकाला १३ आणतात. पुढे अनेकवर्णाच्या प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा घेऊन कुट्टकाने १४, १, १ असेही उत्तर देतात. विद्यार्थ्याला जे नेमके शिकवायचे ते हेच की बातमी जितकी असेल तितकेच ठरते, उरलेले आपण धरलेले असते. आणि आपण काय धरले ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. बुद्धी हेच खरे बीज, वर्ण हे तिचे मदतनीस, असे त्यांनी म्हटले आहे ते ह्याच ओघात.

हे सगळे पहिल्यांदा आपल्याकडेच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. 'नऊ प्रकरणे' ह्या नावाच्या चिनी ग्रंथात, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, अनेक अज्ञातांचे हिशेब पाटावर काड्या मांडून, एकेक स्तंभ दुसऱ्यातून वजा करीत सोडविलेले आहेत. आज साऱ्या जगात जिला गाउसची रीत म्हणतात तिचे रूप त्या काड्यांत स्पष्ट दिसते. खुद्द गाउस पुष्कळ उशिराचा, १८०९-१० च्या सुमारास ग्रहांच्या कक्षा मोजताना त्याला ती लागली. पण दोघांच्या अडचणीत एक मौजेचा फरक आहे. भास्कराचार्यांकडे अज्ञात जास्त आणि बातम्या कमी. गाउसकडे बातम्या ढीगभर, अज्ञात मोजके, आणि दुर्बिणीतून आलेल्या त्या बातम्यांपैकी कोणत्याही दोन एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. एकाला काय धरावे हा प्रश्न, दुसऱ्याला कोणावर किती विश्वास ठेवावा हा. म्हणून एकाने कुट्टक चालविला आणि दुसऱ्याने चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करण्याची रीत चालविली. कोण श्रेष्ठ, ह्या वादात मला रस नाही.

मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे. ११५० साली लिहिलेली ही विद्या १५३८ पर्यंत टिकली कशी? मधल्या काळात देवगिरीचे यादव गेले, खिलजी-तुघलक आले, बहामनी राज्य झाले आणि मोडले. छापखाना नाही. चार व्यापाऱ्यांच्या उदाहरणातला एक अंक नकलकाराने चुकविला की सबंध हिशेब निकामी होतो.

ह्याचे अर्धे उत्तर चाळीसगावजवळच्या पाटण येथे दगडावर लिहिलेले आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चांगदेवाने पाटणला मठ स्थापन केला, आणि तिथल्या निकुंभ वंशाच्या सामंतांनी इ. स. १२०७ मध्ये त्याला दान दिले. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी उजेडात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पण मठाला कोणी काय द्यायचे, बाजारातल्या मालापैकी किती, हे सांगायची वेळ आली तेव्हा लेखक मराठीवर उतरला आहे! दान करणाऱ्यांची स्तुती देवभाषेत आणि वसुलीची बोली लोकभाषेत, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

मठ पुढे राहिला नाही. उरले उत्तर घरांकडे आहे. पाथरीच्या सूर्यदासाचा बाप ज्ञानराज. त्याने शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात बीजगणितालाही जागा दिली. त्याच्या एका मुलाने, चिंतामणीने, बापाच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा मुलगा आपला सूर्यदास. बीजगणितावरच्या टीकेनंतर तीन वर्षांनी, १५४१ मध्ये, त्याने लीलावतीवरही टीका लिहिली. हा गृहस्थ नुसता गणिती नव्हे. त्याचे 'रामकृष्णविलोमकाव्य' डावीकडून उजवीकडे वाचले तर रामाची कथा आणि उलट वाचले तर कृष्णाची! अक्षरांशी असा खेळ करणाऱ्याला या-का-नी-पी ह्यांचे भय कसले? त्याच सुमारास कोकणात नांदगावी गणेश दैवज्ञ लीलावतीवर टीका लिहीत होते, ती १५४५ ची. म्हणजे पाटणच्या मठात जे दगडावर कोरून, दान लावून सुरू केले होते, ते तीनशे वर्षांनी सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे ओसरीवर चालले होते.

आता नगरच्या दरबाराचा ह्याच्याशी काय संबंध? गाव म्हणून संबंध मोठा जवळचा आहे. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी, असे फिरिश्ता सांगतो. आणि फिरिश्ता नगरातच वाढलेला. त्याच मलिक हसनाचा मुलगा अहमद निजामशहा ह्याने हे शहर वसविले. नातू बुऱ्हाण गादीवर आल्यावर पाथरीचे भाऊबंद वतन मागायला आले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाची. बुऱ्हाणने दुसरा परगणा देऊ केला, इमादशहाने ऐकले नाही, आणि १५१८ साली बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली. सूर्यदास त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा मुलगा. गाव एकदा हातचे गेले आणि पुन्हा घेतले गेले. दोन शाह्या ज्या गावासाठी भांडल्या त्या गावात एक मुलगा बापाजवळ बसून चार व्यापाऱ्यांच्या घोड्यांची किंमत काढायला शिकत होता.

ह्याच बुऱ्हाणच्या काळात इराणातून शाह ताहिर दक्षिणेत आला. १५२२ च्या सुमारास तो परांड्याच्या किल्ल्यात होता. तेथे निजामशाहीचा एक पंडित, पीर मुहम्मद, त्याच्याजवळ टॉलेमीचा 'मजिस्ती', म्हणजे ग्रहगणिताचा ग्रीक ग्रंथ अरबी अवतारात, शिकला आणि त्याची कीर्ती घेऊन नगरला परतला. पुढे शाह ताहिर नगरला आला. किल्ल्यात विद्वानांच्या सभेत त्याची व्याख्याने होत आणि बुऱ्हाणशहा स्वतः ऐकायला येऊन बसे. तेव्हा ह्या गावाला व्याख्यानांची आवड आजची नाही, हेही ओघाने सिद्ध झाले. शाह ताहिराच्या मागे ख्वारिज्मी, उमर खय्याम ह्यांची बीजगणिताची थोर परंपरा उभी होती. पाथरीला ब्रह्मगुप्त-भास्कराची. एकाच राजाच्या राज्यात, एकाच पिढीत, दोन्ही दिवे तेवत होते. परंतु किल्ल्यातल्या सभेत पाथरीची पोथी उघडली गेली असे मानायला काही आधार नाही. एकाची भाषा फारसी, दुसऱ्याची संस्कृत. आणि दोघांनाही नित्य बोलावी लागे ती मराठी किंवा दक्खनी कोणाच्याच ग्रंथात नाही. ह्याला मी दोष म्हणतो. ज्या शाहीच्या दफ्तरात मराठी कारकून होते, तिला हे दोन शास्त्री एका बैठकीवर बसविणे अशक्य नव्हते.

ती बैठक घडली ती उत्तरेत. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावती फारसीत आणली. आणि गंमत पाहा, हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून नगरला दुसऱ्या बुऱ्हाणशहाच्या दरबारी आला. त्याने इथून जी पत्रे पाठविली त्यांत नगरच्या जुहूरी आणि मलिक कुमी ह्या फारसी कवींची तोंड भरून स्तुती आहे. त्याच्या मागून मोगली फौज यायला चार वर्षेच लागली, आणि १६०० साली किल्ला पडला. पुढे १६३४-३५ मध्ये अताउल्ला रुश्दी ह्याने भास्कराचार्यांचे बीजगणित फारसीत उतरवून शाहजहानला अर्पण केले. ह्याच शाहजहानने १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट केला. दरम्यान काशीत कृष्ण दैवज्ञांनी, ज्यांचे घराणे मूळ विदर्भातले, बीजगणितावर आणखी एक मोठी टीका लिहिली होती. ऋण राशी म्हणजे कर्ज, उलटी दिशा, मागचा काळ, असे तीन तऱ्हांनी समजावून देणारी.

रुश्दीच्या फारसी पोथीवरून एडवर्ड स्ट्रेची ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१३ साली बीजगणिताचे इंग्रजी पुस्तक छापले. हा एल्फिन्स्टनचा मित्र, आणि तरुणपणी त्याच्याबरोबर पुण्याच्या रेसिडेन्सीत काम केलेला. म्हणजे आमचे बीजगणित युरोपला प्रथम कळले ते दिल्लीच्या फारसीतून. चारच वर्षांनी, १८१७ मध्ये, कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून लीलावती आणि बीजगणित ह्यांचे भाषांतर लंडनला प्रसिद्ध केले. त्याने हाताशी टीका घेतल्या होत्या, गणेश दैवज्ञांची, कृष्ण दैवज्ञांची आणि पाथरीच्या पंडिताची. चार व्यापारी त्या पुस्तकात आपले घोडे, उंट, खेचरे आणि बैल घेऊन उभे आहेत. आणि पानांच्या तळाला, बारीक टाइपात, टीकाकाराचे नाव पुरे लिहायला जागा नाही म्हणून कोलब्रुकने ठिकठिकाणी नुसते 'सूर्.' एवढेच छापले आहे.